भाव आणि मोल

आश्विन अमावास्येची तिन्हीसांज झाली, की ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रस्त्यापर्यंत आणि पुढे कल्याणच्या पारनाक्यापर्यंत घरोघरी चौरंग मांडले जातात. तांदळाच्या राशीवर कलश विराजमान होतो, लाह्या-बत्तासे आणि धने-गूळ यांचा नैवेद्य दाखविला जातो, नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. पणत्यांच्या त्या सौम्य प्रकाशात हल्ली आणखी एक वस्तू चौरंगाशेजारी आढळते. ती म्हणजे घरातील मुलाचा वा सुनेचा मोबाइल आणि त्यावर सरकणारे शेअरबाजाराचे आकडे.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या शेअरबाजारात दिवाळीच्या मुहूर्ताचे सौदे १९५७ सालापासून होत आले आहेत. बहुधा सायंकाळी तासभर चालणारा हा मुहूर्त २०२५ साली लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, दुपारी पावणेदोन ते पावणेतीन असा ठेवण्यात आला होता. वहीपूजनाची जुनी परंपराच जणू बाजाराने आपल्या परीने जपली आहे. शकुन म्हणून एखाददुसरा शेअर घ्यावा आणि नव्या संवत्सराचा आरंभ करावा, एवढाच त्यामागील भाव.

आणि इथेच आपली मायबोली आपल्याला एक सूक्ष्म प्रश्न विचारते. बाजारात भाव म्हणजे दर. देवघरात भाव म्हणजे निष्ठा. पहिला भाव घटकेघटकेला बदलतो, दुसरा बदलू नये अशी अपेक्षा असते. ज्या कंपनीच्या भागांत आपण निवृत्तीची पुंजी वा मुलीच्या शिक्षणाची तरतूद गुंतविली, तिचे खरे मोल या दोहोंपैकी कशावर ठरते? भाव म्हणजेच मोल काय? प्रश्न घरातील शिलकीचा असल्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या निमित्ताने त्याचा विचार करणे अस्थानी ठरू नये.

आगगाडी आली ती भागभांडवलावर

भागभांडवल ही कल्पना आपल्या परिसराला अपरिचित नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु तो मार्ग बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही इंग्लंडमध्ये भाग विकून उभी राहिलेली कंपनी होती, याचे स्मरण क्वचितच केले जाते. तिच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी देण्यात आली होती आणि त्या हमीचा भार अखेरीस हिंदुस्थानच्या महसुलावर पडत होता. गाडी भरून धावो वा रिकामी, भागधारकाचे पाच टक्के सुरक्षित! साहजिकच त्या भागाचे मोल गाडीच्या कमाईपेक्षा सरकारच्या वचनावर अधिक अवलंबून राहिले. १९०० साली ती कंपनी सरकारने विकत घेतली. ज्या मार्गावरून डोंबिवलीकर रोज गर्दीत उभा राहून प्रवास करतो, त्याच्या रुळांखाली अशी भागधारकांची कहाणी पुरलेली आहे.

हमी नसलेल्या भागांचे काय होते, तेही मुंबईने लवकरच पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला. नवनव्या कंपन्या निघाल्या आणि समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याच्या योजनांचे भाग लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला आणि त्याबरोबर सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या भागाचा भाव एके काळी २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकण्याची पाळी आली. त्या अनुभवातून पोळलेल्या दलालांनी १८७५ साली आपली संस्था स्थापन केली. तोच आजचा मुंबई शेअरबाजार होय.

भाव ठरतो तरी कसा?

कंपनीचे बाजारमूल्य काढण्याचा हिशेब अगदी सोपा आहे. एकूण भागांची संख्या गुणिले एका भागाचा चालू भाव. पण या सोप्या गुणाकारात एक गोम आहे. समजा, डोंबिवलीत शंभर बिऱ्हाडांची एक सोसायटी आहे. त्यातील एका गृहस्थाला परगावी जाण्याची घाई असल्याने त्याने आपला गाळा पडत्या भावाने विकला. लगेच दलाल म्हणू लागतात, की त्या सोसायटीचा भाव उतरला. उरलेल्या नव्व्याण्णव बिऱ्हाडांच्या भिंती होत्या तशाच आहेत, तुळशीवृंदावनही जागच्या जागी आहे; तरीही कागदावर प्रत्येकाची मालमत्ता घटली. शेअरबाजारात नेमके हेच घडते. कोणत्याही एका दिवशी कंपनीच्या एकूण भागांपैकी थोडेच भाग हात बदलतात. परंतु त्या थोड्यांचा भाव उरलेल्या सर्वांना लागू होतो.

हा भाव घेणारा आणि विकणारा यांच्या अपेक्षांतून जन्मतो. कंपनीने गेल्या वर्षी काय मिळविले याहून पुढील वर्षांत ती काय मिळवील, याचा तो अंदाज असतो. म्हणूनच नफा वाढूनही कधी भाव उतरतो, कारण लोकांनी त्याहून अधिक नफ्याची आशा धरलेली असते. आणि तोट्यातील कंपनीचा भाव कधी चढतो, कारण तिचे दिवस पालटतील असे लोकांना वाटू लागलेले असते.

मग भाव म्हणजे केवळ मनाचा खेळ म्हणून सोडून द्यावा काय? तसेही नाही. भावाच्या अंगी खरीखुरी शक्ती आहे. एखाद्या कंपनीला नव्या कारखान्यासाठी शंभर कोटी रुपये उभारावयाचे आहेत असे समजू. तिचा भाग ५०० रुपयांस विकला जात असेल, तर वीस लाख नवे भाग काढून काम भागते. तोच भाव १०० रुपये असेल, तर एक कोटी भाग काढावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा पातळ होतो. प्रवर्तकांनी आपले भाग गहाण ठेवून कर्ज काढले असेल, तर भाव घसरताच सावकार अधिक तारण मागतो. ते न मिळाल्यास तो गहाणातील भाग विकतो आणि त्या विक्रीने भाव आणखी घसरतो. मालमत्तेच्या मानाने भाव फारच खाली राहिला, तर बाहेरचा धनिक बाजारातून भाग गोळा करून कंपनीचा ताबा घेऊ पाहतो. सारांश, गुंतवणूकदारांचे मत हे केवळ कंपनीचे प्रतिबिंब नव्हे. ते कंपनीचे भाग्यही काही अंशी घडविते.

१९९२ सालापर्यंत नव्या भागविक्रीची किंमत ठरविण्यात सरकारी नियंत्रकाचा हात असे. ते पद त्या वर्षी रद्द झाले आणि किंमत ठरविण्याचा अधिकार कंपनी व गुंतवणूकदार यांच्याकडे आला. अधिकाराबरोबर जबाबदारीही आली.

पोखरण रस्त्यावरील दोन धडे

हा सारा विषय पुस्तकात न शोधता ठाण्याच्या पोखरण रस्त्याने चालत गेल्यासही समजू शकेल. या एका रस्त्यावर दोन नामवंत उद्योगांनी भाव आणि मोल यांचा फरक दाखविला आहे.

पहिला उद्योग रेमंड. १९२५ साली स्थापन झालेली ही लोकरी कापडाची गिरणी १९४४ साली सिंघानिया घराण्याकडे आली आणि पुढे लग्नाच्या सुटाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. गिरणीभोवतीची जेकेग्राम वसाहत म्हणजे ठाण्याच्या औद्योगिक वैभवाची खूण. २००९ च्या सुमारास येथील गिरणी थंडावली. कापड अन्यत्र विणले जाऊ लागले. येथे राहिली ती जमीन. गिरणीच्या काळी जी जागा म्हणजे केवळ कारखान्याचे अंगण होती, तिचे मोल भोवतालचे शहर वाढता वाढता कापडाशी स्पर्धा करू लागले. २०१९ साली सुमारे वीस एकर जमीन सुमारे ७०० कोटी रुपयांना विकली गेली आणि उरलेल्या जागेवर कंपनीने स्वतःच घरे बांधावयास घेतली.

आता प्रश्न असा, की कापड आणि जमीन एकाच कंपनीच्या पोटात असता भागाचा भाव कशाचा धरावा? कापडाचा अभ्यास करणाऱ्यास जमिनीची गोडी नसते आणि जमीन जाणणाऱ्यास कापडाची. असे संमिश्र धंदे बाजार बहुधा कमी लेखतो. रेमंडने यावर वाटणीचा मार्ग स्वीकारला. वस्त्रांचा व्यवसाय निराळा होऊन सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आला. त्या वेळी मूळ कंपनीच्या पाच भागांमागे नव्या कंपनीचे चार भाग देण्यात आले. पुढे जमीन-बांधकामाचा व्यवसाय वेगळा निघाला आणि एकास एक या प्रमाणात भाग मिळून १ जुलै २०२५ रोजी ‘रेमंड रिअल्टी’ची स्वतंत्र नोंद झाली. राष्ट्रीय शेअरबाजारात तिचा पहिला भाव १,००० रुपये उमटला. तिचे भाग सुमारे ६ कोटी ६६ लाख. म्हणजे गुणाकार केला तर मूल्य सुमारे ६,६६० कोटी रुपये. भाव एका रुपयाने हलला, की साडेसहा कोटींहून अधिक मूल्य कागदावर वाढते अथवा घटते. पोखरण रस्त्यावरील विटेला मात्र त्याची खबरही नसते.

या वाटणीत गृहस्थाश्रमी गुंतवणूकदाराने ध्यानात ठेवण्याजोगा एक प्रसंग घडला. मे २०२५ मध्ये ज्या दिवशी जमिनीचा व्यवसाय मूळ कंपनीतून वजा झाला, त्या दिवशी मूळ भागाचा भाव दीड हजारांच्या वरून एकदम पाचशेच्या घरात आला. ज्यांनी केवळ मोबाइलवरील लाल आकडा पाहिला, त्यांच्या छातीत धस्स झाले असल्यास नवल नाही. पण कोणाचेच काही हरवले नव्हते. चार खणांच्या वाड्यातील दोन खण धाकट्या भावाच्या नावे झाले, तर थोरल्याच्या सातबाऱ्यावरील आकडा उतरणारच. तेवढ्याने वाडा पडला असे कोणी म्हणत नाही. भाव पाहणारा घाबरला, वाटणीपत्र वाचणारा स्वस्थ राहिला.

दुसरा धडा त्याच रस्त्याच्या तोंडाशी आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पोखरण रस्ता जिथे मिळतात, त्या नाक्याला ठाणेकर ‘कॅडबरी’ म्हणूनच ओळखतात. १९४८ साली भारतात आलेल्या या कंपनीने पुढे भारतीय जनतेला आपले भाग देऊ केले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना आपला वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवावा लागला आणि मध्यमवर्गीय घरांना नामांकित कंपन्यांचे भाग मिळण्याची दुर्मीळ संधी लाभली. असे भाग लोकांनी दागिन्यांसारखे जपून ठेवले.

नियम पुढे सैल झाले. २००२ साली कॅडबरीच्या मूळ ब्रिटिश कंपनीने ५०० रुपये दराने उर्वरित भाग विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यानंतर कंपनीचे नाव शेअरबाजाराच्या यादीतून निघाले. बहुतेकांनी भाग विकले. काहींनी विकले नाहीत. यादीतून नाव निघाल्यावर या राहिलेल्या मंडळींची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. कंपनी होती, धंदा उत्तम होता, दुकानोदुकानी माल खपत होता. परंतु भागाला रोजचा भाव असा उरला नाही. २००९ साली कंपनीने भांडवल कमी करून हे भाग १,३४० रुपये दराने रद्द करण्याची योजना न्यायालयापुढे नेली. छोट्या भागधारकांनी हरकत घेतली. आमच्या भागाचे मोल याहून अधिक आहे, असे त्यांचे म्हणणे.

मग मोल काढावयाचे कसे? न्यायालयाने स्वतंत्र मूल्यनिर्धारक नेमला. येत्या वर्षांत कंपनी किती कमावील, त्या कमाईचे आजचे मोल किती, तशाच धंद्यातील अन्य कंपन्यांना बाजार काय भाव देतो, यांचा काथ्याकूट झाला. अखेर २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येक भागास २,०१४ रुपये ५० पैसे या दराला मान्यता दिली. प्रारंभीच्या १,३४० रुपयांहून हा आकडा ६७४ रुपये ५० पैशांनी, म्हणजे सुमारे निम्म्याने अधिक होता. जे काम बाजार दररोज क्षणोक्षणी करतो, त्यासाठी तज्ज्ञ, वकील आणि न्यायालय यांना मिळून पाच वर्षे लागली.

या प्रकरणातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. बाजाराचा भाव चंचल असला तरी तो असणे ही लहान भागधारकाची मोठी सोय आहे. तो नाहीसा झाला, की आपल्याच मालमत्तेचे मोल सिद्ध करण्यास कोर्टाची पायरी चढावी लागते. त्याचबरोबर समोरून आलेला पहिला आकडा म्हणजे मोल नव्हे, हेही त्यांच्या चिकाटीने दाखविले.

मोहन्याची चिमणी

कल्याणच्या वाचकांना मात्र याहून कठोर धडा ठाऊक आहे. आंबिवलीजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉन, म्हणजेच एनआरसी, हा एके काळी हजारो कुटुंबांचा अन्नदाता होता. कारखान्याच्या भोंग्यावर वसाहतीचा दिवस उगवे. २००९ साली कारखाना बंद पडला. कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली आणि पुढे प्रकरण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेले.

कंपनी बुडते तेव्हा तिच्या उरल्यासुरल्या मालमत्तेतून कोणाला आधी आणि कोणाला मागाहून द्यावयाचे, याचा क्रम कायद्याने घालून दिला आहे. कारवाईचा खर्च, कामगारांची ठरावीक काळाची देणी, तारण घेतलेले सावकार, अन्य देणेकरी असे करता करता सर्वांत शेवटी पंगतीला बसतो तो साधा भागधारक; बहुधा तोपर्यंत पातेले रिकामे झालेले असते. शेअर म्हणजे मालकीचा हिस्सा, हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. पण घराच्या मालकाने सर्वांचे जेवण झाल्यावर जेवावे, हा दंडक याच मालकीत अंतर्भूत आहे. चढत्या भावाच्या काळात त्याची आठवण कोणी देत नाही.

शेजारच्या शहाड येथील सेंच्युरी रेयॉनची कथा निराळी. तेथे सूत निघणे थांबले नाही; २०१८ पासून ते काम ग्रासिम कंपनी करारान्वये पाहू लागली. मात्र मूळ सेंच्युरी टेक्स्टाइल्स कंपनीचे नाव २०२४ साली ‘आदित्य बिर्ला रिअल इस्टेट’ असे झाले. ठाण्यापासून शहाडपर्यंत पाहावे तर सुताने नाव कमावलेल्या कंपन्या जमिनीच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. गुंतवणूकदारांनी ज्यास मोल दिले, त्या दिशेने कंपन्या वळल्या. यात अनुचित काही नाही. परंतु यंत्रावर उभ्या असलेल्या हातांचे मोल कोणत्या गुणाकारात धरले जाते, हा प्रश्न मोहन्याच्या वसाहतीने विचारला, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही.

चंचलेची उपासना

लक्ष्मी चंचल आहे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. एप्रिल १९९२ मध्ये मुंबईचा निर्देशांक ४,४६७ पर्यंत चढला आणि रोखे घोटाळा उघडकीस येताच घसरणीस लागला, तेव्हा त्या म्हणीचा अर्थ अनेक घरांना नव्याने कळला. वर आलेला तो आकडा कारखान्यांच्या कमाईने चढला नव्हता. बँकांचा पैसा आडमार्गाने बाजारात ओतला गेल्याने चढला होता.

आज मोह अधिक जवळ आला आहे. पूर्वी दलालाकडे जाण्यासाठी गाडी पकडून फोर्टात जावे लागे. आता लोकलच्या दारात उभे राहूनही सौदा करता येतो. फ्युचर्स-ऑप्शन्स नावाच्या सौद्यांत तर कंपनीच्या मोलाशी प्रयोजनच उरत नाही, केवळ भावाच्या हालचालीवर डाव लावला जातो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. शंभरांत त्र्याण्णव! हा आकडा देवघरातील समईच्या प्रकाशात एकदा शांतपणे वाचावा. घरात कोणी असे सौदे करीत असेल, तर त्यास रागे न भरता जवळ बसवून हिशेब विचारावा. वहीपूजनाचा मूळ हेतू तोच आहे.

धर्मशास्त्राने अर्थ हा पुरुषार्थ मानला आहे. त्याची हेटाळणी केलेली नाही. मात्र त्याला धर्माचा बांध घातला आहे. त्या दृष्टीने शेअर घेणाराही एक प्रकारचा व्रतस्थ असावा. कंपनी काय बनविते, नफा कोठून येतो, कर्ज किती, प्रवर्तकांनी भाग गहाण ठेवले आहेत काय, कामगारांची व सरकारची देणी वेळेवर जातात काय, एवढे वार्षिक अहवालातून पाहिल्याविना पैसा घालू नये आणि जो पैसा पाच-सात वर्षांत लागणार आहे तो या वाटेला नेऊ नये. एवढे केले म्हणजे तोटा होणारच नाही असे नव्हे. पण भाव उतरला असता तो आकडा का उतरला, हे तरी समजते. वाटणी झाली म्हणून उतरला, भीतीने उतरला, की घराच्या पायालाच वाळवी लागली म्हणून उतरला, या तिन्हींत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी कोण जागे आहे असे विचारीत फिरते, ही आपली श्रद्धा. ती विचारते जागणाऱ्याची चौकशी. रात्रभर आकडे पाहत तळमळणाऱ्याची नव्हे. आणि पंधरवड्यानंतर अमावास्येला आपण लक्ष्मी म्हणून पूजितो ती केरसुणी, जी बाजारात अल्प भावाने मिळते आणि वर्षभर घर लख्ख ठेवते. यंदा वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढून झाले, की दुसऱ्या पानावर आपल्या घरातील प्रत्येक शेअरचे नाव लिहावे आणि त्यापुढे चालू भाव न लिहिता ती कंपनी काय करते, हे एका ओळीत लिहावे. ज्या नावापुढे ओळ लिहिता येणार नाही, ते नाव पाडव्याआधी घरातील सर्वांनी मिळून पुन्हा एकदा तपासावे.